एस्तव्हेलचा ‘संभ्रम’

उत्तर फ्रान्समधल्या एस्तव्हेल या खेड्याच्या स्मशानभूमीत, पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्या समाधीच्या दगडावर बंगाली अक्षरं कोरलेली आहेत. देवनागरीत लिहायची तर ओळ अशी: ‘महाबीरेर समाधि, सम्भ्रम देखाओ, स्पर्श कोरो ना.’ बंगाली न येणाऱ्या मराठी माणसालाही ती जवळजवळ पूर्ण कळते. अडतं एकाच शब्दावर. ‘संभ्रम’ दाखवा म्हणजे काय? आपल्याकडे मतदारांत संभ्रम असतो, निकालाबाबत संभ्रम असतो. बंगालीत त्याच शब्दाचा अर्थ आदर, मान. मूळ संस्कृतात दोन्ही छटा होत्या: गडबड, गोंधळ आणि थोर माणूस दारात आला की उठून उभं राहताना होणारी आदराची धांदल. मराठीने गोंधळ ठेवून घेतला, बंगालीने आदर. वीराची समाधी आहे, मान द्या, हात लावू नका.

आणखी एक गोष्ट. ‘देखाओ’, ‘कोरो’ ही ‘तुमि’ची रूपं आहेत, परक्याला म्हणायच्या ‘आपनि’ची नाहीत. एस्तव्हेलमध्ये ही लिपी वाचणारं कोण भेटणार? गावकऱ्यांसाठी दगडावर वेगळी फ्रेंच ओळ आहेच. ही दुसरी ओळ घरच्यांपैकी कोणी तरी एवढ्या लांब येईल या भरवशावर कोरलेली आहे, आणि येणाऱ्याशी घरच्यासारखीच बोलते. पाऊण तास मी त्या एका ओळीसमोर होते. पॅरिसचे तीन दिवस आणि जवळच्या लान्स शहरातला मुक्काम यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लान्सचं स्टेशन मात्र वाफेच्या इंजिनाच्या आकाराचं आहे, ते बाहेर येऊन मागे वळून नक्की बघा.

इंद्रलाल रॉय. जन्म २ डिसेंबर १८९८, कलकत्ता. मृत्यू २२ जुलै १९१८, इथून जवळच्या कार्व्हँ गावाच्या आकाशात. वय १९. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. १९१७च्या एप्रिलमध्ये ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये (ब्रिटिश सैन्याचं हवाई दल, १९१८पासून रॉयल एअर फोर्सचा भाग) गेले आणि ऑक्टोबरअखेर ५६ स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. ६ डिसेंबरला विमान उतरवताना अपघात होऊन जखमी झाले. बरे होईपर्यंत त्यांनी विमानांची स्केचेस काढली, त्यांतली बरीच आजही टिकून आहेत. जून १९१८मध्ये ४० स्क्वाड्रनमध्ये, कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय यांच्या तुकडीत नेमणूक झाली. पुढे ६ ते १९ जुलै या काळात त्यांच्या नावावर १० विजय लागले, म्हणजे शत्रूची तेवढी विमानं पाडल्याची किंवा निकामी केल्याची नोंद झाली, त्यांतले तीन ८ जुलैला चार तासांत. उड्डाणाचा एकूण अनुभव १७० तासांच्या आसपास. शेवटच्या विजयानंतर तिसऱ्या दिवशी जर्मन फोकर डी-७ विमानांशी झुंजताना ते पडले. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक सप्टेंबरमध्ये, मरणोत्तर. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी हे त्यांचे भाचे.

हे १० विजय कशात बसून मिळवले, ते माहीत असल्याशिवाय आकड्याला वजन येत नाही. एसई-५ए हे एका माणसाचं, उघड्या कॉकपिटचं विमान. दोन मशिनगन. विकर्स पुढे, नाकावरच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांमधून गोळ्या सोडणारी. लुईस वरच्या पंखावर, वाकवलेल्या लोखंडी पट्टीवर बसवलेली. लुईसच्या चकतीत ९७ गोळ्या, सलग झाडल्या तर दहा सेकंदांत संपतात. मग बंदूक पट्टीवरून खाली ओढायची, रिकामी चकती काढायची, नवी बसवायची, बंदूक पुन्हा वर ढकलायची. तेवढा वेळ विमान चालवायची दांडी गुडघ्यांत धरायची. समोरून येणाऱ्या वाऱ्यात ती चकती हातातून उडू पाहते, आणि याच वेळी मागे कोणी आलं तर वळण्यासाठी हात मोकळा नसतो. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलेलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा मुलगा हे रोज करत होता.

जाणाऱ्यांसाठी थोडं. पॅरिसहून लान्सला थेट गाडी आहे. तिथून एस्तव्हेल उत्तर-पूर्वेला दहा-एक किलोमीटर. टॅक्सी केलीत तर परतीची वेळ तेव्हाच ठरवून घ्या, गावात उभं राहून गाडी मिळत नाही. सायकलीने जाणं सगळ्यांत चांगलं, प्रदेश सपाट आहे. उंचवटे दिसतात ते कोळशाच्या खाणींच्या राडारोड्याचे. गावात ‘सिमतियेर कोम्युनाल’ विचारायचं. पांढऱ्या दगडांच्या लांबच लांब रांगांचं मोठं युद्धस्मारक शोधू नका, ही गावाचीच स्मशानभूमी आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधताना ‘भारतीय सैन्य’ हा पर्याय निवडलात तर नाव सापडणार नाही, कारण नोंद रॉयल एअर फोर्सखाली आहे. त्याच कारणाने नव्ह-शापेलच्या भारतीय स्मारकावरच्या ४,७०० हून अधिक नावांतही ते नाही. ती नावं भारतीय सैन्यातल्या, ज्यांची समाधी ठाऊक नाही अशा सैनिकांची. तिथेच दर्शन घेऊन मागे फिरणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं, एस्तव्हेल तिथून जवळ आहे.

फुलं न्यायची तर शेवंती न्या. फ्रान्समध्ये शेवंती समाधीचंच फूल आहे, १ नोव्हेंबरच्या आसपास दुकानं त्याच्या कुंड्यांनी भरून जातात. हार दगडाला घालू नका. कुंकू, तेल, मेणबत्ती अजिबात नको, सच्छिद्र दगडात डाग उतरला की निघत नाही. अक्षरं नीट दिसावीत म्हणून कागद ठेवून पेन्सिल घासणं, ओल्या फडक्याने पुसणं हेही टाळा. ऊन तिरपं असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला, आमियाँ शहराच्या पुढे हाँगार हे खेडं. मुंबईचे वैमानिक लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर यांची समाधी तिथे आहे. आडनावावरून फोंड्याजवळचं वेलिंग आठवतं. २३ स्क्वाड्रन, सॉपविथ डॉल्फिन. या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखांच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर येतं. दिसतं चांगलं, पण उतरताना विमान उलटलं तर आधी मान सापडते. ३० जून १९१८ ला ते गेले, रॉय यांच्या आधी तीन आठवडे. पहिल्या महायुद्धात लढाऊ विमानं उडवणाऱ्या चार भारतीयांपैकी हे दोघं परतले नाहीत.

हाँगारसाठी व्हिलेर-ब्रेतोनो स्टेशनला उतरून दक्षिणेकडे सहा-सात किलोमीटर चालायचं, शेतांमधून. वाटेत सावली नाही, पाणी बरोबर हवं. खेड्यात दुकानाचा भरवसा धरू नका, फुलंही आमियाँहूनच घ्या. आयोगाच्या संकेतस्थळावर ‘वेलिंगकर’ असं टाइप करून नोंद मिळत नाही, इंग्रजी स्पेलिंगमधला ‘जी’ गाळावा लागतो.

त्यांच्या दगडावर मराठी नाही. इंग्रजी ओळ आहे, साम्राज्याच्या शूर पुत्राचा सन्मान करणारी. शेवंतीची दुसरी कुंडी तिथे ठेवली, दगडापासून वीतभर लांब.