सारा वॉन यांचे न्यूअर्क

न्यूअर्कच्या पेन स्टेशनवरून आमच्यासारखे असंख्य मराठी नोकरदार रोज न्यूयॉर्कला जातात, परंतु स्टेशनाबाहेर पडून थोडे चालले, की 1997 साली उघडलेले न्यू जर्सी परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर लागते, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या शहराचे नाव 1967 च्या वांशिक दंगलींशी कायमचे जोडले गेले होते, त्याच्या मध्यवस्तीत हे नाट्यगृह उभे राहिले. 2012 पासून तेथे जॅझ गायनाची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत आली आहे. तिला नाव आहे न्यूअर्कच्या कन्येचे, जॅझ गायिका सारा वॉन यांचे.

हा सन्मान मला पुतळ्याहून अधिक समर्पक वाटतो, कारण सारा वॉन यांचे आयुष्यच एका स्पर्धेने पालटले. 1924 साली जन्मलेल्या सारा लहानपणापासून पियानो शिकल्या आणि न्यूअर्कच्या माउंट झायन बॅप्टिस्ट चर्चमध्ये गात व वाजवत वाढल्या. 1942 साली न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या अपोलो थिएटरमधील हौशी कलाकारांच्या रात्री त्या ‘बॉडी अँड सोल’ गायल्या आणि जिंकल्या. बक्षीस होते दहा डॉलर आणि त्याच रंगमंचावर आठवडाभर गाण्याची संधी. त्या आठवड्यात प्रख्यात जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड यांच्या कार्यक्रमाआधी त्या गात असत. पुढच्याच वर्षी जॅझ पियानोवादक अर्ल हाइन्स यांनी त्यांना आपल्या वाद्यवृंदात गायिका आणि दुसरी पियानोवादक म्हणून घेतले. पियानोवर बोटे फिरलेली असल्यामुळेच, मला वाटते, त्यांचा आवाज मूळ चाल सोडून दूरच्या स्वरावर निर्धास्तपणे जाई आणि खर्जापासून तारस्वरापर्यंत कुठेही न अडखळता परत येई. आलाप ऐकत वाढलेल्या मराठी कानांना ही विस्ताराची ओढ ओळखीची वाटेल.

1990 साली त्या कॅलिफोर्नियात निवर्तल्या, पण अंत्यसंस्काराची प्रार्थना माउंट झायनमध्येच झाली.

स्पर्धेत पाच अंतिम स्पर्धक परीक्षकांसमोर गातात. 2019 साली समारा जॉय ही विशीतली मुलगी जिंकली आणि 2023 साली तिला सर्वोत्तम नवोदित कलाकाराचा ग्रॅमी मिळाला. दहा डॉलरच्या त्या बक्षिसाची वाट अशी अजून चालू आहे. अंतिम फेरी साधारणपणे नोव्हेंबरात असते. पुढच्या वेळी घरी परतताना एडिसनची गाडी एक संध्याकाळ सोडून द्यावी आणि मुलांनाही बरोबर न्यावे, असे आम्ही घरी ठरवले आहे.