शेवटचा थेंब

मी वाईन पीत नाही, त्यामुळे त्या रात्री ती वाढायचं काम माझ्याच गळ्यात पडावं, हा विनोदच. जेवण होतं अन्नसुरक्षेसाठी निधी जमवायला, वाईन जवळच्या वायनरीने फुकट दिलेली. तिथल्या बाईंनी मला उभ्या उभ्या शिकवलं: ७५० मिलीलीटरची बाटली, १५० चा एक ग्लास, म्हणजे बरोब्बर पाच. ओतून झालं की मनगट जरासं वळवायचं, मग शेवटचा थेंब खाली पडत नाही. माझा पडलाच. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर, जांभळा.

वाईन फुकट मिळाली की ताटामागचा खर्च उतरतो आणि तिकिटाचे तेवढे पैसे निधीत जातात. हिशेब सरळ आहे. तरी भरल्या पोटी भुकेवरची भाषणं ऐकायला मला अवघडच वाटत होतं. एकाने मात्र १९९६ च्या रोममधल्या जागतिक अन्न शिखर परिषदेने केलेली अन्नसुरक्षेची व्याख्या सांगितली: सर्वांना, सर्व काळ, पुरेसं, सुरक्षित, पोषक अन्न मिळणं. ‘सर्व काळ’ ऐकून माझा हात थबकला. म्हणजे महिनाअखेरीलासुद्धा.

सात बाटल्या उरल्या. बाईंनी त्या परत नेल्या नाहीत, तिथेच लिलाव पुकारला. तोही खणखणीत आवाजात!