कांदा ग्लिसरीनमध्ये: आक्रसणं आणि आपोआप परत फुगणं

मिठाच्या पाण्यातला रससंकोच (पाणी बाहेर गेल्यानं पेशीचा आतला भाग आक्रसून भित्तिकेपासून, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या ताठ आवरणापासून सुटणं) आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय, त्यामुळे या वेळी मीठ बाजूला ठेवलं. साखर विरुद्ध ग्लिसरीन असा सामना लावला. दोन्ही द्रावणं ०.८ मोलर, म्हणजे १०० मिलीत साखर २७.४ ग्रॅम आणि ग्लिसरीन ७.४ ग्रॅम. वजनं इतकी वेगळी असली तरी रेणूंची संख्या सारखीच, आणि परासरणात (पटलातून पाणी तीव्र द्रावणाकडे जातं त्यात) तीच मोजली जाते. (मीठ पाण्यात दोन आयनांत सुटतं, म्हणून त्याचं साधारण निम्मं मोलर द्रावण पुरतं.)

पापुद्रा लाल कांद्याचा, मांसल पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळट. तो रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीतल्या मोठ्या पिशवीतल्या, रसात विरघळलेला असतो. म्हणजे आपण ‘पेशी आक्रसली’ म्हणतो तेव्हा डोळ्याला दिसते ती आक्रसलेली रिक्तिका. तिच्याभोवती पेशीद्रव्याचा पातळ थर, त्याबाहेर पेशीपटल. पटलाची जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर आणि आपल्या प्रकाश सूक्ष्मदर्शीची मजल सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत. तेव्हा ‘मला पटल दिसलं’ असं कोणी म्हणालं तर ते पेशीद्रव्याची कड पाहत असतात, एवढं धरून चाला. पटल दिसत नाही, पण ते कोणाला किती वेगानं आत सोडतं हे मात्र स्वस्तातल्या सूक्ष्मदर्शीतही मोजता येतं. हा सगळा खटाटोप त्यासाठीच.

सुरुवातीला दोन्ही स्लाइडवर एकच चित्र. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटायला लागतो, आधी कडा आत वळलेल्या, वेड्यावाकड्या, मग हळूहळू गोलसर. भित्तिका जागची हलत नाही. मधल्या मोकळ्या जागेत काय असतं? बाहेरचंच द्रावण. भित्तिका साखरेलाही अडवत नाही, ग्लिसरीनलाही नाही. निवड करतं ते पटल.

खरी गंमत नंतर. साखरेतल्या पेशी तशाच आक्रसलेल्या राहिल्या. ग्लिसरीनमधल्या पेशी मात्र द्रावण न बदलता, काही तासांत पुन्हा भित्तिकेला जाऊन टेकल्या. ग्लिसरीनचा रेणू लहान, तो पटलातून सावकाश का होईना आत झिरपतो. आतली संहती वाढते आणि पाणी मागोमाग आत येतं. साखरेचा रेणू मोठा आणि पाण्यातच रमणारा, त्याला इतक्या वेळात जवळजवळ मज्जावच.

जाताना मिनिटं आणि येताना तास, हा फरक मला सगळ्यात बोलका वाटतो. बाहेर जाणारं पाणी थोडं पटलाच्या मेदातून सुटतंच, शिवाय त्याच्यासाठी ॲक्वापोरिन नावाची प्रथिनांची खास वाट असते. एका वाटेतून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात. पीटर ॲग्री यांनी ती १९९२ च्या सुमारास तांबड्या रक्तपेशींच्या प्रथिनात ओळखली आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. पण पटल मेदाचं असावं हा अंदाज त्याच्या कितीतरी आधीचा. १८९० च्या दशकात चार्ल्स ओव्हरटन झुरिचमध्ये शेकडो पदार्थ घेऊन जवळपास हेच करत होते: कोणत्या द्रावणात पेशी आक्रसते, कोणत्यात परत फुगते, कोणत्यात आक्रसतच नाही. तेलात सहज विरघळणारे पदार्थ भराभर आत शिरतात, हे त्यांना त्यातूनच कळलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी तेव्हा नव्हताच.

आता चिकित्सकांचा प्रश्न: पेशी मेल्या आणि पटल गळकं झालं म्हणून फुगल्या नसतील कशावरून? दोन पुरावे. पहिला, रंग आतच राहिला. पेशी मेली की जांभळा रस बाहेर पसरतो आणि पापुद्रा फिका पडतो. दुसरा जास्त भक्कम. फुगलेल्या पेशींना त्याहून तीव्र, १.८ मोलर साखरेत नेलं (१०० मिलीत ६१.६ ग्रॅम, पाकासारखं दाट), तर त्या पुन्हा आक्रसल्या. आत ग्लिसरीन शिरलेलं असल्यामुळे ०.८ मोलर साखर इथे पुरत नाही, ही नोंद करून ठेवा. उलट, त्यांना एकदम साध्या पाण्यात टाकू नका; पाणी आत धावतं आणि पटलावर नसता ताण येतो.

कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलिननं बंद करायला विसरू नका. पाणी उडालं तर द्रावण आपोआप तीव्र होतं आणि तासांची वेळ मोजण्यात अर्थच उरत नाही. कंडेन्सरची (स्लाइडखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाची) झडप बरीच बंद केली तर सुटलेल्या भागापासून भित्तिकेपर्यंत ताणलेले बारीक धागे दिसू शकतात. हेख्टचे धागे म्हणतात त्यांना, १९१२ पासून. रंगीत पापुद्र्यात ते पुसट, पाकळीच्या आतल्या बिनरंगी पापुद्र्यात बरे.

पुढचा डाव न्यूट्रल रेडचा, त्याच बिनरंगी पापुद्र्यावर. हा रंग विद्युतभाररहित रूपात पटल ओलांडतो, रिक्तिकेतल्या आम्लात त्याच्यावर भार चढतो आणि तो तिथेच अडकतो. त्यासाठी बाहेरचं पाणी किंचित अल्कली ठेवणार आहे. अगदी आम्लधर्मी पाण्यात रंग रिक्तिकेऐवजी भित्तिकेलाच चिकटतो, म्हणून अल्कली आणि आम्लधर्मी अशा दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून बघायच्या.