ब्युरेट, कणीक आणि फियाटचं कॉम्प्रेशन

"सर, ही दवाखान्याची नळी घिऊन कुठं आलाय?" उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्या अण्णांनी मला दारातच विचारलं. हातात ब्युरेट होती, म्हणजे द्रव मोजून सोडायची खुणांची काचेची नळी. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. टोक फुटल्यामुळे भंगारात निघालेली ही ५० मिलीची ब्युरेट रीतसर मागून घेतली होती आणि टोकाला रबरी नळी लावून तिला कामाला जुंपली होती.

गाडी म्हणजे १९८६ची पद्मिनी, हँडल गिअरची. आमच्याकडे तिला अजून फियाटच म्हणतात. धूर काढायला लागली होती आणि चढ दिसला की दुसऱ्या गिअरवर यायची. सिलिंडरमधला दाब मोजायचा गेज लावला तर चार सिलिंडरचे आकडे आले ९५, ९०, ६० आणि ९२ पीएसआय. तीन नंबरात चमचाभर तेल सोडून परत बघितलं, काटा जेमतेम हलला. तेलानं पिस्टनच्या रिंगांच्या फटी बुजतात, तरी दाब वाढला नाही, म्हणजे तिथं रिंग नव्हे, व्हॉल्व्ह गळत होता. बाकीच्या तिघांत तेल टाकल्यावर काटा चांगला वर गेला. तिथं रिंगा संपल्या होत्या.

इंजिन खोलायचंच होतं, तर कॉम्प्रेशनही थोडं वाढवून घ्यावं हा किडा तेव्हाच डोक्यात शिरला. अण्णांचं उत्तर तयार होतं, "हेड दोन मिलिमीटर मारू, विषय संपला." हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ते घासलं की आतली जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन वाढतं. इथंच मी अडलो. किती मारायचं हे ठरवायला आधी आत किती जागा आहे ते कळायला नको का?

गेजवरचा आकडा आणि कॉम्प्रेशन रेशो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण गॅरेजात दोन्हीला 'कॉम्प्रेशन'च म्हणतात आणि गोंधळ होतो. रेशो म्हणजे पिस्टन खाली असताना वर जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर उरलेल्या जागेच्या किती पट आहे ते. या इंजिनाचं बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सीसी. ब्लॉक झिजला होता म्हणून वीस साइझ, म्हणजे अर्धा मिलिमीटर, बोअर वाढवावं लागलं. आता एका सिलिंडरचे झाले २७६.४ सीसी. प्रश्न उरला वरच्या जागेचा.

हेड उलटं ठेवलं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवले, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबली आणि ब्युरेटमधून रंगीत रॉकेल सोडलं. ३५.४, ३६, ३६.२, ३६.४. चारही खोल्या वेगळ्या! एकाच हेडात एक सीसीचा फरक. अण्णा तोवर शेजारी येऊन उभे राहिले होते, चहाचा कप हातातच. हे मोजमाप व्हॉल्व्ह सीट घासून झाल्यावरच करा. घासल्यावर व्हॉल्व्ह थोडा आत बसतो आणि जागा वाढते. मी आधी मोजून बसलो होतो, म्हणून सगळं दोनदा करावं लागलं.

मग हेड आणि ब्लॉकच्या मधलं गास्केट. नवं गास्केट मोजून उपयोग नाही, ते दाबल्यावर पातळ होतं. जुनं दाबलेलं मायक्रोमीटरवर धरलं, १.२ मिलिमीटर भरलं. ७० मिलिमीटरच्या भोकाला ४.६ सीसी. पिस्टन अगदी वर आणून ब्लॉकवर तीच पट्टी ठेवली, तिथं १.८ सीसी. बेरीज सरासरी ४२.४, म्हणजे रेशो साधारण ७.५.

हेड सपाट करायला फेसिंगला जाणारच होतं. एक मिलिमीटर काढायला सांगितलं. दोनला मी नको म्हटलं, कारण जुन्या ॲल्युमिनियमला पाण्याच्या वाटांपाशी गंज खाऊन खड्डे पडलेले असतात. ब्लॉकवरून ०.३ घेतलं. लहान खोल्या बारीक ग्राइंडरनं मोठीच्या बरोबरीला आणल्या. परत ब्युरेट लावली. आता हेडात ३३.२, गास्केटचे ४.६, वरचे ०.७, एकूण ३८.५. रेशो ८.२.

बोअरिंग, होनिंग, पिस्टन-रिंगांचा खर्च तर होणारच होता. या वाढीपायी जास्तीचं गेलं ते ब्लॉकच्या फेसिंगचं, शिवाय ॲक्रिलिक आणि रॉकेलचं. हजार-बाराशेत आटोपलं. हाय कॉम्प्रेशन पिस्टन घडवून आणतो म्हणणारेही भेटले. त्यांचा भाव ऐकून नमस्कार केला.

हेड खाली आलं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह जवळ येतात. त्यासाठी घरून कणकेचा गोळा नेला, तेल लावून. पिस्टनवर थापला, जुनं गास्केट घालून हेड कसलं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं आणि हेड काढून कणीक ब्लेडनं कापली. सगळ्यात पातळ जागी अडीच मिलिमीटर. चालतंय. हेड आणि ब्लॉक मिळून व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर १.३ मिलिमीटर खाली आले होते आणि त्यांना ढकलणारे पुशरॉड तेवढेच लांब पडत होते. रॉकरच्या स्टँडखाली तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या घातल्या.

आता खरं सांगतो. हिशेबाच्या सूत्रानं ७.५ वरून ८.२ म्हणजे तीन टक्क्यांच्या आतलाच फायदा. चाळीसेक हॉर्सपॉवरच्या गाडीत एक घोडा. गाडी जी बदलली ती नव्या रिंगा आणि घट्ट बसलेल्या व्हॉल्व्हमुळे. गेजवर आता चारही १३५ ते १३८ दाखवतात. तीन टक्क्यांसाठी एवढा खटाटोप का, असं बायकोनं विचारलं. कणीक तिची होती, तेव्हा विचारायचा हक्क होताच.

पेट्रोलची काळजी होती. कॉम्प्रेशन वाढलं की पेट्रोल अवेळी पेटून नॉकिंग, म्हणजे इंजिनात खडखडाट, होऊ शकतो. पण ते टाळायची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन. साध्या पेट्रोलचं ते बीएस-२ या जुन्या प्रदूषण नियमांच्या काळात ८८ होतं, नंतर ९१ झालं आणि आता वीस टक्के इथेनॉलच्या ई२० ला ९५ आहे. म्हणजे ८.२ ला भरपूर. इथेनॉल जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा तेवढा बदलला.

तरीही नॉकिंगनं गाठलंच. कोल्हापुरात टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, लावलं, आठवडाभर गाडी झकास. रत्नागिरीला गेलो आणि परतताना साखरप्याच्या पुढं आंबा घाटाचा चढ लागला, तसा ॲक्सिलरेटर दाबला की फुटाणे भाजल्यासारखा आवाज. थांबलो आणि डोक्यात प्रकाश पडला. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर आहे. खाली कोकणात हवा पाच-सहा टक्के दाट, म्हणजे सिलिंडरमध्ये भरणाही तेवढा जास्त. वर लावलेलं टायमिंग खाली पुढं पडत होतं, ठिणगी लवकर पडत होती. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट ढिला केला, रोटर फिरतो त्याच दिशेला बॉडी किंचित फिरवली आणि कसली. पुढचा घाट तिसऱ्यात, क्वचित दुसऱ्यात, आवाजाविना चढला.

परवा प्लग काढून बघितले. तिघांचा रंग विटकरी, तीन नंबरचा अजून काळसर. व्हॉल्व्ह गाइड झिजलं असावं. अण्णा म्हणतात दिवाळीनंतर बघू, आणि तोवर ब्युरेट त्यांच्याकडेच राहू दे.