हजर व्हायचं तर

सांगली, बुधवार, रात्र

खुनासारख्या गुन्ह्यात जामिनावर सुटून पळालेल्याला पुन्हा कोर्टात हजर व्हायचं असेल, तर काय करावं, त्याबद्दल हे. फरारी म्हटलं की आमच्याकडे आधी 24 जुलै 1943 निघतो. स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले तो दिवस. त्या पळण्यात अपराध नव्हता. मग निघतात बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर: खून, कृष्णाकाठी फरारीत काढलेली वर्षं, जन्मठेप, सुटल्यावर अध्यात्म. लोक फरारी आणि अध्यात्म रंगवून सांगतात, मधली जन्मठेप गाळतात. माझ्या लेखी हिशोब तिथेच फिटला.

कारण नाव बदलून परमुलखात राहिलेला माणूस वारी करतो, अन्नदान करतो, आणि कोर्टातली फाइल जागची हलत नाही. बाकीच्या आरोपींचा निकाल लागतो, याच्या नावापुढे 'फरार' तसंच राहतं. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीची आडकाठी नाही, त्यामुळे 'आता कोण विचारतंय' हा भ्रम. उलट त्याच्या गैरहजेरीत नोंदवलेली साक्ष, साक्षीदार वारला तरी, त्याच्याविरुद्ध वापरता येते. उलटतपासणीची संधी मात्र गेलेली असते. 1 जुलै 2024 पासून तर दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात, आरोपी फरारी घोषित असेल तर आरोप निश्चितीनंतर 90 दिवसांनी खटला त्याच्याविना चालू शकतो.

घरच्यांचं वेगळंच. 'हजर व्हा' असा कोर्टाचा जाहीरनामा गावात वाचतात, एक प्रत दारावर डकवतात, हजर व्हायला किमान 30 दिवस देतात. मग जप्ती. डकवलेल्या कागदाखालून ये-जा म्हातारीला करावी लागते, पळालेल्याला नाही.

हजर व्हायचं ठरलं तर आधी नातेवाइकाकडून ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष काढावं. त्यावरून ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर केस नंबर शोधता येतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. बहुतेकांचं अडतं ते फाइलपाशी. जुनी केस रेकॉर्ड रूममध्ये पडलेली असते, माणूस सकाळी कोर्टात उभा राहतो आणि बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसच्या यादीत, त्याचं नावच नसतं. मग दिवसभर व्हरांड्यात, आणि तिथूनच पोलिस उचलतात. म्हणून वकिलाने केस बोर्डावर घेण्याचा अर्ज आदल्या दिवशीच द्यावा. सुट्टीला जोडून जाऊ नये. बरोबर आधार, फोटो, चालू औषधं चिठ्ठीसकट, आणि सातबारा घेऊन आलेला जामीनदार. जुना जामीनदार पुन्हा येईल ही आशा सोडावी, त्याचा जामीन जप्त होऊन वसुली झालेली असू शकते. फरारी घोषित झालेल्याला अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही, तेव्हा कोठडीची तयारी ठेवूनच निघावं. ते दिवस पुढे शिक्षेतून वजा होतात.

मन मोकळं करायची घाई झालेली असते. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. तो मॅजिस्ट्रेटपुढेच द्यावा लागतो. कबुली देणं बंधनकारक नाही आणि ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे ते आधी बजावतात. वकिलाशी बोलल्याशिवाय तिथे जाऊ नये.

आपल्या जिल्ह्यातच, आटपाडीजवळ, औंध संस्थानाने 1939 मध्ये स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना. कैदी भिंतीविना शेती करत राहायचे. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच सुचला. पण तिथेही शिक्षा झालेला कैदीच जाणार, फरारी नाही.

माफी मागायला मयताच्या घरी मात्र निकालाआधी मुळीच जाऊ नये. हेतू कितीही चांगला असो, साक्षीदारांवर दबाव म्हणून तो कागदावर येतो आणि मिळालेला जामीनही जातो. मधल्या माणसामार्फत निरोपही नको. दंडातून त्या कुटुंबाला भरपाई द्यायचा आदेश कोर्ट करू शकतं. ती रक्कम वेळेत भरायची सोय आत जाण्याआधी घरच्यांना सांगून ठेवावी.