तुम्ही विचारलंत म्हणून: ते बोटाएवढं माकड पाळता येईल का?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तो व्हिडिओ पाठवतं. माणसाच्या बोटाला घट्ट मिठी मारून बसलेलं इवलंसं माकड, आणि खाली ठरलेला प्रश्न: 'हे घरी पाळता येईल का हो?' पेरूत इकिटोसजवळ मी ही माकडं झाडावर पाहिलीत, म्हणून मला विचारतात.

हे पिग्मी मार्मोसेट. जगातलं सगळ्यात लहान माकड, पश्चिम ॲमेझॉनमधलं. पूर्ण वाढलेलं जेमतेम सव्वाशे ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. व्हिडिओत बहुतेकदा पिल्लूच असतं. आणि ती मिठी प्रेमाची नसते हो. जन्मल्यापासून ते कुणाच्या तरी पाठीवरचे केस मुठीत धरून असतं. पाठ नसली की बोट.

तिथे आम्हाला माकडाआधी झाड दाखवलं. खोडभर बारीक खड्डे, देवीच्या वणांसारखे. खालच्या पटाशीच्या दातांनी साल कोरायची, डिंक पाझरला की येऊन चाटायचा. आपल्याकडे डिंकाचे लाडू बाळंतिणीला; यांचं रोजचं जेवणच डिंक, तोंडीलावणं किड्यांचं. नखं खारीसारखी टोकदार, त्यामुळे उभ्या खोडाला सहज चिकटतात. आमची चाहूल लागली तसं एक गपकन खोडामागे सरकलं. मग नुसतं डोकं बाहेर, मान पार मागे वळवून. बराच वेळ ते हललं नाही, आम्हीही नाही. एकेक कुटुंब अशा एखाद-दोन झाडांभोवती राहतं, डिंक आटला की दुसरं झाड गाठतं.

बहुधा जुळीच होतात, प्रत्येकी पंधरा-एक ग्रॅमची. आईच्या मानाने हे ओझं मोठंच. म्हणून बाप आणि थोरली भावंडं त्यांना पाठुंगळी घेऊन हिंडतात, आईकडे मुख्यतः दूध प्यायला. पिल्लं आपल्या तान्ह्यांसारखी अखंड बडबडतात, मोठ्यांचे आवाज अर्धेमुर्धे जुळवत.

आता पाळायचं. आपल्या ओठांवर तापाचे फोड उठतात ना, त्यांच्या विषाणूने मार्मोसेट मरू शकतं, आणि असल्या प्राण्याचा मुका घेतल्याशिवाय कोण राहतं? फ्लॅटमध्ये ऊन नाही, ड-३ जीवनसत्त्व नाही, की हाडं मऊ पडतात. कायद्याचं म्हणाल तर 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात याचं नाव आहे, परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाही.

एवढं सगळं एका मावशींना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, मग जोडी आणली तर?"