दोन इंचांनी अडलेली पेटी

लॉस एंजेलिसच्या मेमोरियल पार्कमध्ये, म्हणजे बागेसारख्या दफनभूमीत, येणाऱ्याला आधी हिरवळ दिसते. ह्यूबर्ट ईटन यांनी १९१७ मध्ये ग्लेंडेलच्या फॉरेस्ट लॉनचा कारभार घेतला आणि कबरींवरचे उभे दगड बाद करून जमिनीच्या पातळीत सपाट पाट्या बसवण्याची रीत रुजवली. गवत कापायचं यंत्र त्यांवरून सरळ जातं. पण नामवंतांपैकी बरेच जण हिरवळीखाली नाहीत, भिंतीत आहेत. मायकेल जॅक्सन ग्लेंडेलच्या ग्रेट मॉझोलियम या समाधी-इमारतीत, मेरिलिन मन्रो वेस्टवुडच्या दफनभूमीत, मूकपटांचे नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हॉलिवूड फॉरेव्हर दफनभूमीत. भिंतीतल्या त्या कप्प्याला क्रिप्ट म्हणतात, आणि ही हकिगत अशाच एका क्रिप्टची आहे. जागेचं आणि माणसांचं नाव सांगत नाही.

एका दिवंगत गायकाच्या पत्नीचं निधन झालं होतं. जोडीनं घेतलेलं क्रिप्ट होतं, तेही लांबट प्रकारचं. यात दोन शवपेट्या शेजारी नसतात, एकामागे एक असतात. पहिली आत ढकलायची, दुसरी तिच्या पुढे. बाहेरून मात्र एकच संगमरवरी फळी दिसते. विधी गुरुवारी अकराला होता. आम्ही मंगळवारी पहाटे साडेपाचला क्रिप्ट उघडायला घेतलं, कारण आठला फाटक उघडतं आणि या कलाकाराचे चाहते दारातच उभे असतात. अशी कामं विधीच्या दिवशी सकाळी करणारेही आहेत. माझ्या मते तो जुगार आहे. आत काय निघेल ते कागदावर नसतं.

फळी चार पितळी फुलांनी धरलेली असते. त्यांना रोझेट म्हणतात. फूल बाहेरून सुरेख, आतला बोल्ट मात्र जुन्या कामात साध्या पोलादाचा. तो गंजतो, मग फळीवर तांबूस ओघळ उतरतो, आणि उघडताना बोल्ट फिरत नाही. इथे दोन अडकले होते. भेदक तेल टाकून वीस मिनिटं थांबलो. हातोडा वापरायचा नाही, कारण धक्का फुलाला नाही, दगडाच्या भोकाच्या कडेला बसतो आणि तिथूनच चीर जाते. पाऊण इंच जाडीच्या या फळीचं वजन तीस किलोच्या आसपास असतं. दोन माणसं, दोन व्हॅक्यूम कप, खाली घोंगडी. फुटली तर तसाच दगड मिळत नाही. एका ओळीतल्या फळ्या बहुधा एकाच खडकातून कापलेल्या असतात आणि रेषा शेजारच्या फळीशी जुळवलेल्या असतात.

फळीच्या मागे दुसरं झाकण. तेच खरं बंद करणारं, कडेनं सीलंट भरलेलं. ते एकदम खरवडायचं नाही. मास्क लावून आधी कोपऱ्यात बारीक भोक पाडायचं आणि दहा मिनिटं सोडून द्यायचं. मग कंप पावणाऱ्या पात्यानं सील कापायचं. बहुतेक क्रिप्टना मागच्या बाजूला दोन नळ्या असतात. एक छतापर्यंत हवेची, एक खाली निचऱ्याची. तळ मागच्या बाजूला किंचित उतरता असतो, म्हणजे काही झिरपलं तर पुढे फळीकडे न येता मागे जातं. हवेची नळी बंद असेल तर आतली ओल सुकत नाही आणि फोरिड जातीच्या बारीक माशा होतात. त्या केसाएवढ्या फटीतूनही बाहेर येतात. नळी चालू आहे का हे पाहायला मी उदबत्ती वापरतो. तोंडाशी धरली की धूर आत ओढला जायला हवा. इथे गेला. निचराही मोकळा होता.

मग मोजलं, आणि गडबड तिथे निघाली. आतली लांबी १५ फूट, म्हणजे १८० इंच. पेटी साधारण ८४ इंचांची असते. पहिली मागच्या भिंतीपासून चार-सहा इंचांवर असेल तर पुढे ९० इंच उरतात आणि काम आरामात होतं. आमच्या मापाला ८२ भरले. येणारी पेटी ८४ची. शिवाय आतल्या झाकणाला दोन इंच लागतात. म्हणजे पहिली पेटी मागच्या भिंतीपासून १४ इंच अलीकडेच थांबली होती आणि इतकी वर्षं कुणाला कळलं नव्हतं. कळणार कसं? फळी लावली की सगळंच सरळ दिसतं. नोंदकार्डावर फक्त तारीख आणि क्रमांक. आतलं माप लिहिण्याची पद्धतच नव्हती.

अशा वेळी पहिला मोह होतो काठी लावून रेटायचा. तो आवरायचा. जुन्या पेटीचा तळ कसा आहे ते माहीत नसतं. लाकडी असेल तर सांधे मऊ झालेले असतात, धातूची असेल तर खालची कड गंजलेली असू शकते. आधी कार्यालयातून कुटुंबाशी बोलून लेखी संमती घेतली, तीही कारण स्पष्ट सांगून. मग लांब दांड्यावर कॅमेरा आणि दिवा लावून आत घातला. पेटीच्या उजव्या बाजूची, उचलायला धरायची झुलती कडी खाली दुमडलेली नव्हती, आडवी राहिली होती. भिंतीच्या काँक्रीटमध्ये साच्याच्या सांध्यावर ओघळ सुटून कड तयार झाली होती, बोटभर पुढे आलेली. कडी तिथे बरोबर अडकली होती. पहिल्या वेळी ढकलणाऱ्यांना वाटलं असेल, मागची भिंत लागली.

ॲल्युमिनियमच्या दांड्याला रबर गुंडाळलेला आकडा लावला. कॅमेऱ्यात बघत कडी उचलून पेटीच्या अंगाला टेकवायला पाऊण तास गेला. नंतर ढकलणं. दांडा थेट पेटीवर टेकवायचा नाही. पेटीच्या रुंदीची जाड लाकडी फळी, तिला फोम, आणि जोर खालच्या तिसऱ्या भागात, तळाच्या चौकटीजवळ. झाकणाच्या उंचीवर जोर दिला तर पेटी उचलली जाते आणि सांधा उघडतो. दोघांनी एका लयीत, एका वेळी अर्धा इंच, मग थांबून कॅमेरा. आठ इंच सरकवून थांबलो. मागे सहा मोकळे राहिले, निचऱ्याचं तोंड झाकलं गेलं नाही, पुढे ९० मिळाले. तोवर पावणेआठ झाले होते. क्रिप्टच्या तोंडाला तात्पुरतं झाकण, त्यावर पडदा, आणि त्या दालनाला दोरी.

संगमरवरी फळी कार्यशाळेत नेली. तिच्यावर लिपस्टिकचे ठसे होते. वेस्टवुडला मन्रोची फळी शेजारच्या फळ्यांपेक्षा वेगळ्या रंगाची झालेली कुणालाही दिसते. हात आणि ओठ यांनीच ती तशी झाली. लिपस्टिक म्हणजे तेल, मेण आणि रंग. तेल दगडात शिरतं आणि रंगालाही सोबत नेतं. पुसलं तर डाग पसरतो. व्हिनेगर किंवा लिंबू लावणारे भले लोक भेटतात, पण आम्ल संगमरवराला खातं आणि चकाकी जाते. उपाय लेपाचा. ताजमहालावर मुलतानी मातीचा लेप देतात हे आपल्याला ठाऊक आहे. इथे मी पांढरं केओलिन, म्हणजे चिनी माती, घेतो, कारण मुलतानी मातीत लोह असतं आणि पांढऱ्याशुभ्र दगडावर पिवळट झाक राहण्याची भीती असते. तेल विरघळवणारा द्राव घालून शेंगदाण्याच्या लोण्याइतकं घट्ट मळायचं, अर्धा इंच जाड थापायचं, प्लास्टिकनं झाकून २४ तास ठेवायचं. मग प्लास्टिक काढून पूर्ण सुकू द्यायचं. सुकतानाच माती डाग वर ओढते. ओली असताना काढली तर सगळा खटाटोप वाया. ताजे ठसे गेले, दोन जुन्यांची फिकट छटा राहिली. घासून ती काढता आली असती, पण मग तेवढाच भाग खोलगट दिसतो.

जुहूच्या कब्रस्तानात मधुबाला आणि मोहम्मद रफी यांच्या कबरी २०१० मध्ये नव्या दफनांसाठी हटवल्या गेल्या, ते आठवलं. तिथे जागाच नव्हती. इथे विक्रीच्या रकमेतला काही भाग कायद्यानं देखभाल निधीत जातो, मुद्दल मोडता येत नाही, फक्त उत्पन्न खर्च करायचं. आमची केओलिनची गोणीही त्यातूनच येते.

गुरुवारी विद्युत लिफ्टवरून पेटी सरकली. कड्या दोन्ही बाजूंनी दुमडल्या आहेत हे आत घालण्याआधी मी हातानं तपासलं. पुढे चार इंच मोकळे राहिले. झाकण, सीलंट, फळी, आणि रोझेटना स्टेनलेसचे नवे बोल्ट. नोंदकार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : मागे ६ इंच, पेट्यांमध्ये २, पुढे ४. उजव्या भिंतीला कड आहे.